पाठ हमालाची, पाप कुणाचे?

कांद्याचा भाव गडगडला की विधानसभेपर्यंत आवाज जातो, आणि तो गेलाच पाहिजे. पण तोच कांदा गाडीतून स्वतःच्या पाठीवर घेऊन उतरवणाऱ्या हमालाचा मणका निकामी होतो, तेव्हा सोलापुरात पानसुद्धा हलत नाही. तो एक दिवस कामावर येत नाही, दुसऱ्या दिवशीही येत नाही, तिसऱ्या दिवशी टोळीत त्याच्या जागी दुसरा उभा राहतो आणि बाजार चालू राहतो. त्याची नोंद अडत्याच्या वहीत होत नाही, सरकारच्या दप्तरात होत नाही आणि डॉक्टरच्या केसपेपरवर तर मुळीच होत नाही. तिथे दोनच शब्द लिहिलेले असतात: कंबरदुखी, विश्रांती. याला आम्ही आजार म्हणायला तयार नाही. ही दिवसाढवळ्या, पावती फाडून, हमालीचा दर ठरवून केलेली दुखापत आहे आणि ती करणारे सगळे उजळ माथ्याने फिरत आहेत.

ज्यांना हे शब्द कडक वाटतील त्यांनी कांद्याच्या हंगामात पहाटे श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात जाऊन उभे राहावे. डिसेंबर-जानेवारीत तिथे दिवसाला शेकडो गाड्या लागतात. डोक्यावरून पाठीपर्यंत बारदानाची खोळ घेतलेला हमाल गाडीच्या फळक्याला पाठ लावून, गुडघ्यात किंचित वाकून उभा राहतो. वरचे दोघे आकड्याने गोणी ओढतात आणि त्याच्या पाठीवर सोडतात. गोणी पडते त्या क्षणी मान पुढे जाते, पाय जमीन शोधतात, छातीतला श्वास अडतो. मग सालींचा थर पडलेल्या, दवाने ओल्या झालेल्या जमिनीवरून तो झपझप चालत थप्पीपाशी जातो आणि कमरेत पिळा देऊन गोणी फेकतो. डॉक्टर लोक ज्या हालचालीला सगळ्यात घातक म्हणतात ती नेमकी हीच: वाकलेली कंबर, पाठीवर वजन आणि त्याच वेळी दिलेला पिळा. लगेच तो उलट पावली दुसऱ्या गोणीला. पन्नास किलोची एक गोणी धरा आणि दिवसाला दोनशे गोण्या धरा. एका माणसाच्या कण्यावरून दहा टन माल गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा टन.

आणि गोणी पन्नासची तरी असते काय? फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सोलापूरच्या बाजारात विकलेल्या कांद्याचे दोन रुपये मिळाले, त्या पट्टीने सारा देश हळहळला. किलोला एक रुपया भाव, वरून गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा. हातात दोन रुपयांचा धनादेश. त्या पट्टीवरचा एक आकडा मात्र कुणी वाचला नाही. माल होता ५१२ किलो आणि गोण्या होत्या दहा. म्हणजे सरासरी एक्कावन्न किलोंची गोणी. पन्नासच्या वरची गोणी उचलणार नाही, असे राज्यातले हमाल कितीदा सांगत आले आहेत, त्यासाठी त्यांनी काम बंद ठेवले आहे, आणि दर वेळी त्यांनाच अडवणूक करणारे ठरवून बाजार पुन्हा पहिल्यासारखा सुरू झाला आहे. त्या एका कागदावर दोन माणसे लुटली गेली होती. शेतकऱ्याची लूट रुपयांत दिसली, म्हणून तिची बातमी झाली. हमालाची लूट हाडांत मुरते. ती दिसायला वीस वर्षे जातात आणि तोवर तिचा वाली कुणी उरत नाही.

मुळात पन्नास हा आकडा तरी कुठल्या शास्त्राने दिला? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही वरची मर्यादा सुचवली. वजनाविषयीच्या त्याच वर्षीच्या कराराला भारताने मान्यता द्यायला २०१० साल उजाडले. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये जे सूत्र मांडले त्यात सगळे काही अनुकूल असताना, म्हणजे वजन अंगाजवळ, पकड घट्ट, पिळा नाही, वारंवार उचलणे नाही, अशा स्थितीतसुद्धा २३ किलोंच्या पुढे जाऊ नये असे सांगितले आहे. वाकणे, पिळणे आणि वारंवारता धरली की तो आकडा आणखी खाली येतो. ब्रिटनमध्ये सिमेंटची गोणी पंचवीस किलोंची झाली. ऑस्ट्रेलियात ती वीस किलोंची मिळते. तिथल्या माणसाचा कणा काय चिनीमातीचा आणि आमच्या हमालाचा पोलादाचा आहे? दोन मण्यांमधली गादी सगळीकडे सारखीच. सतत दाबाखाली ती झिजते, तिचे बाहेरचे कडे तडकते, आतला मऊ भाग सरकून नसेवर येतो आणि कमरेतून कुल्ल्यात, मांडीत, पोटरीत, थेट अंगठ्यापर्यंत विजेसारखी कळ जाते. असा दाब वर्षानुवर्षे रोज दिला की काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

गोणी लहान करणे अशक्य आहे, बाजार कोलमडेल, असे सांगणाऱ्यांनी युरियाच्या पोत्याकडे पाहावे. १ मार्च २०१८ पासून केंद्र सरकारने युरियाचे पोते पन्नासवरून पंचेचाळीस किलोंवर आणले. कारण काय, तर शेतकरी पोती मोजून खत टाकतो, पोते लहान केले की वापर कमी होईल. एका आदेशाने देशभरातले पोते हलके झाले आणि कुठलाही बाजार कोलमडला नाही. साखरेचे क्विंटलचे पोते असेच पन्नासवर आले. म्हणजे पोत्याचे वजन ही काही दैवी रेघ नव्हे. ते माणसे ठरवतात आणि माणसांच्या मनात आले की बदलतात. युरिया वाचवण्यासाठी जे सरकार पोते पाच किलोंनी कमी करू शकते, त्याला माणूस वाचवण्यासाठी तेच करायला कोणाची आडकाठी आहे? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला बाजार समितीकडून हवे आहे, पणन खात्याकडून हवे आहे, कामगार खात्याकडून हवे आहे.

आता या हमालाबरोबर दवाखान्यात जाऊ. दुपारी गाड्या संपल्या की तो कंबर धरून जवळच्या दवाखान्यात जातो. तिथला संवाद ज्याने ऐकला नाही असा कष्टकरी सोलापुरात सापडणार नाही.

“काय होतंय मामा?”

“कंबर धरलीय बघा साहेब. मांडीपातूर कळ जातीय.”

“कधीपासून?”

“लई दिवस झालं. पण आता उठून उभारता येईना.”

“वजन उचलू नका. आराम करा. सुई देतो.”

“मग खायाचं काय साहेब?”

या शेवटच्या प्रश्नाला उत्तर येत नाही. कागदाच्या पुडीत चार रंगांच्या सुट्या गोळ्या येतात. त्यांची नावे कुठेच लिहिलेली नसतात. पुढचा पेशंट आत येतो. जगभरात रुग्णाला डॉक्टरची किती वेळ भेट मिळते याचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद आणि आपल्या भारतात साधारण दोन मिनिटे. दोन मिनिटांत माणसाला बूट काढून पाय तपासता येत नाही, पायाच्या अंगठ्यातले बळ पाहता येत नाही. ‘काम काय करता’ एवढे तरी विचारता येते. तेही विचारले जात नाही!

बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात ओझी वाहणाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. वैद्याने रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत ‘तुझा धंदा कोणता’ या प्रश्नाची भर घालावी, असे त्याने बजावून ठेवले. ही गोष्ट सव्वातीनशे वर्षांपूर्वीची. आमच्या वैद्यकीय महाविद्यालयांत ती शिकवलीही जाते. मग दवाखान्याच्या खुर्चीत बसल्यावर ती विसरते कशी? कांद्याच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर दवाखाना घालून बसलेल्या डॉक्टरला समोरचा माणूस गोण्या उचलतो हे कळत नाही, असे आम्ही मानत नाही. त्याला कळते. केसपेपरवर ते लिहिले की प्रश्न उभे राहतात, म्हणून ते लिहिले जात नाही.

त्या पुडीतल्या गोळ्यांविषयी आणि त्या सुईविषयी आम्ही गप्प बसणार नाही. दुखणे मारणारी डायक्लोफेनॅकसारखी औषधे चार-सहा दिवस, जेवणानंतर, डॉक्टरच्या नजरेखाली घेतली तर उपयोगाची आहेत. तीच औषधे सोलापूरच्या चाळीस अंशांच्या उन्हात, घामाने अंगातले पाणी आटलेल्या, सकाळपासून चहावर असलेल्या माणसाने महिनोन् महिने घेतली तर पोटात व्रण पडतो, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंड खराब होते. ‘ताकदीची’ म्हणून मिळणाऱ्या पुडीत स्टेरॉइड असले तर हमाल दुसऱ्या दिवशी टुणटुणीत उठतो, डॉक्टरला देव मानतो आणि परत गोणीखाली जातो. आत मात्र हाडे ठिसूळ होत असतात, रक्तातली साखर चढत असते, आणि सवय झालेल्या शरीराला ती गोळी एकदम बंद झाली की जिवावर बेतू शकते. ज्याच्या नावापुढे पदवी नाही असा माणूस हे करीत असेल तर तो १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायद्याखाली गुन्हेगार आहे. ज्याच्या नावापुढे पदवी आहे तो हेच करीत असेल तर त्याचा गुन्हा आम्ही दुप्पट मानतो, कारण त्याला काय होणार हे ठाऊक आहे.

दुसरा बाजार मांडला आहे तो ‘गॅप’चा. पाठ दुखते म्हणून आलेल्या प्रत्येकाला एमआरआय, आणि एमआरआय झाला की ‘मणक्यात गॅप पडलाय, गादी सरकलीय’ हा निकाल. ज्यांची पाठ कधीच दुखली नाही अशा लोकांच्या चित्रांचा धांडोळा २०१५ साली एका मोठ्या अभ्यासात घेतला गेला. विशीतल्या ३७ टक्के निरोगी माणसांच्या मणक्यांतही झिजलेली गादी दिसली आणि वयाबरोबर हे प्रमाण चढतच गेले. म्हणजे चित्रातली झीज ही केसातल्या पांढऱ्या बटेसारखी असू शकते, आणि तीच दुखण्याचे कारण आहे हे तपासल्यावाचून सांगता येत नाही. पण ‘गॅप’ हा शब्द कानावर पडला की हमाल हबकतो, सावकाराकडे जातो, बायकोचे डोरले गहाण पडते. साधी पाठदुखी बहुतेकदा काही आठवड्यांत ओसरते. पायात जाणारी कळसुद्धा बहुतेकांची शस्त्रक्रियेवाचून शमते. अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा हलत्या-फिरत्या राहण्याने माणूस लवकर बरा होतो. कमरेला पट्टा बांधून गोणी उचलली की इजा होत नाही, याला भक्कम पुरावा नाही. ही सगळी माहिती डॉक्टरांपाशी आहे. ती हमालापर्यंत पोचत नाही, कारण ती सांगायला पैसे पडत नाहीत आणि एमआरआयला पडतात!

जे खरोखर जिवावरचे आहे ते मात्र सांगायचे राहून जाते. म्हणून आम्हीच सांगतो आणि प्रत्येक टोळीच्या मुकादमाने हे आपल्या माणसांना वाचून दाखवावे. कंबर दुखत असताना लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल लुळे पडून चालताना चप्पल निसटू लागली, तर सुई-गोळीत एक तासही घालवू नका, थेट सिव्हिल रुग्णालय गाठा. तिथे नस मोकळी करायची शस्त्रक्रिया वेळेत झाली तर पाय आणि लघवी वाचते, उशीर झाला तर जन्माचे पांगळेपण येते. पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, रात्री दुखून झोप मोडत असेल तर क्षयाची तपासणी मागून घ्या; आपल्याकडे मणक्याचा क्षय दुर्मीळ नाही. जांघेत गाठ येते आणि आडवे झाल्यावर आत जाते, तो अंतर्गळ. तो पट्ट्याने बरा होत नाही, त्याला टाका घालावा लागतो. ती गाठ एके दिवशी आत जाईनाशी झाली, कडक झाली, ओकाऱ्या सुरू झाल्या, तर आतडे पिळले गेले आहे. ती रात्र घरी काढू नका.

डॉक्टरांना सगळा दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल, हे सोलापूर जिल्ह्याबरोबर धाराशिवचे आणि सीमेपलीकडच्या कलबुर्गी-विजयपूर भागातलेही रुग्ण पाहते. १९६३ साली सुरू झालेल्या वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाची पोरेपोरी तिथे राबतात. निवासी डॉक्टरने आठवड्याला ४८ तासांहून आणि सलग बारा तासांहून अधिक काम करू नये, असे १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत लिहिलेले आहे. हा कागद किती वॉर्डांत पाळला जातो, हे रात्री तीनला ओपीडीच्या बाकावर बसल्या जागी झोपलेल्या डॉक्टरला विचारा. तिथल्या परिचारिका आणि वॉर्डबॉय बेशुद्ध रुग्णांना स्ट्रेचरवरून पलंगावर उचलून ठेवतात. त्यांच्याही कमरा गेल्या आहेत, त्यांचीही नोंद नाही. थकलेल्या डॉक्टरकडून आम्ही वीस मिनिटे मागत नाही. त्याला माणसासारखे वागवा, त्याच्या हाताखाली पुरेशी माणसे द्या, असे सरकारला बजावतो आणि मग त्याच्याकडून तो एक प्रश्न मागतो.

‘वजन उचलू नका’ या सल्ल्यात गफलत आहे ती इथे. हमालाने आराम केला तर त्याच्या घरी चूल पेटत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च मिळेलही. पण तीन महिने घरी बसला तर बुडालेली मजुरी कोण देणार? कारखान्यातल्या कामगाराला कामगार विमा योजनेत आजारपणाची रजा आणि तिचा पैसा मिळतो. पाठीवर बाजार तोलणाऱ्याला ते नाही. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी हमालाला माणूस म्हणून उभे केले तेव्हा कुठे हा कायदा आला आणि देशाने त्याचे कौतुक केले. त्या कायद्याने हमालाला नोंदणी दिली, भविष्यनिर्वाह निधी दिला, मालकांकडून लेव्ही वसूल करणारे मंडळ दिले. आज सोलापूरच्या माथाडी मंडळाला आमचा सवाल आहे: या शहरात गेल्या दहा वर्षांत किती हमाल कंबर गेल्याने कायमचे घरी बसले, हा आकडा तुमच्याकडे आहे काय? नसेल तर तुम्ही नेमके कोणाचे कल्याण मोजत बसला आहात?

आकडा नसण्याची सोय खुद्द कायद्यातच करून ठेवलेली आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात २९ रोगांची यादी होती, ज्यांची खबर डॉक्टरने सरकारला द्यायची. शिसे होते, पारा होता, सिलिकोसिस होता, आवाजाने येणारे बहिरेपण होते. ओझ्याने मोडलेली कंबर त्या यादीत नव्हती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० साली सुधारलेल्या यादीत हाडे, सांधे आणि स्नायूंचे विकार घातले. आपण मात्र ते घातले नाहीत, जणू या देशात ओझे वाहून कुणाचे काही दुखतच नाही. यादीत नाव नाही म्हणून खबर नाही, खबर नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून भरपाई नाही. गेली कित्येक दशके हे चक्र निर्वेध फिरते आहे आणि प्रत्येक फेऱ्यात एक माणूस चिरडला जातो.

हमालाची ही गत, तर ऊसतोड करणाऱ्या बाईची काय सांगावी? सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. दिवाळीनंतर बीड-धाराशिवकडून जोडपी येतात, पालात राहतात, तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवतात. बाळंत होऊन महिना न झालेली बाईसुद्धा मोळी उचलते. अंग बाहेर येते, ओटीपोट दुखते, अंगावर जाते. डॉक्टरकडे गेली तर दिवसाचा खाडा पडतो आणि खाड्याचा दंड उचलीतून कापला जातो. म्हणून ती एकदाच जाते आणि तिला ऐकायला मिळते: पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यांपैकी १३,८६१ बायकांची गर्भपिशवी काढलेली होती. सहामागे एक! काहींना ती शस्त्रक्रिया खरोखर लागली असेल. पण ज्या ठिकाणी खाड्याचा दंड बंद करायला हवा होता, मोळीचे वजन कमी करायला हवे होते, पालाजवळ पाणी आणि संडास द्यायला हवा होता, तिथे बाईचे अवयव काढण्यात आले. या पापाचे वाटेकरी मुकादम आहेत, कारखानदार आहेत आणि सुरी हातात धरणारे डॉक्टरही आहेत. यांतल्या एकालाही आम्ही सोडणार नाही.

हे शहर ओझ्याची रीत न जाणणारे आहे काय? मुळीच नाही. संक्रांतीच्या गड्डा यात्रेला सिद्धरामेश्वरांचे उंचच उंच नंदीध्वज खांदेकरी पेलतात, तेव्हा आधी कितीतरी दिवस सराव चालतो, वाटेत खांदे बदलले जातात, एक थकला की दुसरा लगेच पुढे येतो, तोल जातोय असे वाटताच दहा हात धावतात. देवाच्या ओझ्याला एवढी काळजी घेणारे सोलापूर त्याच महिन्यात, त्याच गावात, कांद्याच्या गोणीखाली माणूस एकटा सोडते. सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदला तो श्रमणाऱ्या हातांनीच. त्यांच्या नावाने चालणाऱ्या बाजारात श्रमणाऱ्याची ही विटंबना त्यांच्या भक्तांना सहन कशी होते?

डॉक्टरांनाही आम्ही त्यांच्याच घरातली माणसे दाखवतो. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९१० साली याच सोलापुरात जन्मले. १९३८ मध्ये ते चीनला गेले, आघाडीवरच्या जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. त्यांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्यांनी आपल्या शहरातल्या जखमींकडे पाहायला चीनपर्यंत जायचे नाही, मार्केट यार्डापर्यंत जायचे आहे. पुण्याचे बाबा आढाव वैद्यक शिकलेले, दवाखाना चालवणारे. हमालांची दुखणी गोळ्यांनी संपणारी नाहीत हे त्यांनी ओळखले आणि १९५५ च्या सुमारास हमाल पंचायत उभी केली. सगळ्यांनी दवाखाने बंद करून रस्त्यावर यावे, असे आमचे म्हणणे नाही. केसपेपरवर ‘हमाल, पन्नास किलोंच्या गोण्या उचलतो, उचलताना इजा’ हे सहा-सात शब्द लिहायला मात्र कुणालाही रस्त्यावर यावे लागत नाही. त्या सहा-सात शब्दांवर उद्या भरपाईचा दावा उभा राहतो.

आणि हमालांनो, ऊसतोडीच्या बायांनो, विडी वळता वळता मान धरलेल्या मायमाउल्यांनो, तुम्हीही आता मान खाली घालून पुडी घेणे सोडा. डॉक्टरला विचारा. गोळीचे नाव काय, ती किती दिवस घ्यायची, यात स्टेरॉइड आहे काय, हा एमआरआय कशासाठी, शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल, हे सगळे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचाही हक्क आहे. तुमच्या तपासणीचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत दिले पाहिजेत, असे २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांत आहे. चांगला डॉक्टर विचारल्याने रागावत नाही. जो रागावतो त्याच्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढू नका. मी काय काम करतो हे लिहा साहेब, असे सांगा आणि लिहिलेले वाचून दाखवायला सांगा.

बाजार समितीकडे आमची मागणी रोकडी आहे. गाडी आवारात येते तिथे, गेटवरच, गोण्यांचे वजन करा. पन्नासच्या वर भरलेली एकही गोणी लिलावाला लावू नका, आणि जास्तीचा माल वेगळ्या गोणीत भरण्याचा खर्च शेतकऱ्याच्या पट्टीतून कापू नका, तो अडत्याने आणि व्यापाऱ्याने सोसावा. पुढच्या दोन हंगामांत ही मर्यादा पंचवीस-तीसवर आणा. गाडीपासून थप्पीपर्यंत ढकलगाड्या आणा आणि सरकते पट्टे बसवा. सेस गोळा करणाऱ्या समितीला ते परवडत नाही, हे आम्हाला पटवून देऊ नका. माथाडी मंडळाने आवारात दवाखाना काढावा, तिथे कामाची नोंद ठेवणारा डॉक्टर बसवावा आणि कंबर गेलेल्या हमालाला बरा होईपर्यंत लेव्हीच्या पैशातून मजुरी द्यावी. राज्य सरकारने ओझ्याच्या दुखापतींची खबर देणे डॉक्टरांवर बंधनकारक करावे.

नोव्हेंबरात नवा कांदा यायला लागेल. त्याआधी गेटवर काटा बसला नाही, तर पन्नासच्या वरच्या गोणीला हात लावू नका, हे आम्ही हमालांना जाहीरपणे सांगत आहोत. त्या दिवशी बाजार बंद पडला तर त्याचा जाब हमालाला विचारू नका. तो काटा न बसवणाऱ्यांना विचारा.